मागाच्या पायाशी ठेवलेला तांबडा स्पीकर

मित्रांनो, माझ्या डोक्यावर आता सुताचा गुंडा ठेवलेला असतो. तळ्यावरून वारा आला की सूत घरंगळते. त्याला काहीतरी आधार लागतो, आणि तेवढे काम मला अजून जमते. बोलता मात्र येत नाही. मी एक जुना स्पीकर आहे, नारळाच्या करवंटीएवढा, तांबडा, एका अंगाने चेपलेला. एके काळी माझ्या तोंडून रोज सकाळी स्तोत्रे आणि उपदेश ऐकू यायचे, आणि कुंपणापलीकडच्या बायका कॉफी भाजता भाजता हात थांबवून ऐकायच्या. मग एके संध्याकाळी माझ्या तोंडून असे काही बाहेर पडले, की त्यानंतर मला कुणी बोलायला सांगितले नाही. ती हकीकत तुम्हाला सांगतो. जे सगळ्या जगाने आधीच ऐकले आहे, तेवढेच सांगेन. त्यापलीकडचे सांगणार नाही, हे आत्ताच कबूल करून ठेवतो.

माझा जन्म बाताम बेटावरच्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबल, पांढरा उजेड, आणि डोक्याला टोप्या घातलेल्या मुली. त्यांतल्या रोन्दांग नावाच्या मुलीने माझा पडदा चिकटवला. बोलायला पडदा आणि ऐकायला जाळीमागे एक बारीकसा माइक. होय, मला कानही होता. फोन आला तर माझ्याशीच बोलता यावे म्हणून तो बसवलेला. पण माझी एक बाजू साच्यातच चेपली आणि मला बाजूला काढले. रोन्दांगने मला मागून घेतले. नाताळच्या सुट्टीत आपल्या जुन्या शालीत गुंडाळून, बोटीतून आणि मग बसमधून, तिने मला तोबाच्या तळ्याकाठी आपल्या आईकडे आणले.

"आई, हा बघ तुझा सोबती," ती म्हणाली.

"खातो काय?" आईने विचारले.

"वीज खातो."

"मग ठेव. तांदूळ तर मागत नाही."

असा मी त्या घरचा झालो.

रोन्दांगच्या आईला तिच्या नावाने कुणी हाक मारीत नसे. थोरल्या लेकराच्या नावाने आईला ओळखायचे, ही तिथली रीत. थोरला हालोमोआन, म्हणून ती हालोमोआनची आई. चर्चमध्ये, बाजारात, विहिरीवर सगळीकडे हेच. नवरा दूर रियाऊकडे पामतेलाच्या मळ्यात कामाला होता. तो नाताळला यायचा, घोरत चार दिवस झोपायचा आणि परत जायचा. घर चालायचे ते आईच्या मागावर. ती उलोस विणायची. उलोस म्हणजे खांद्यावरून घ्यायची शाल. लग्नात, बारशात, मरणात, आशीर्वाद द्यायचा तो उलोस पांघरूनच. उलोस नाही तर आशीर्वाद अर्धा, असे तिथे मानतात.

तिचा माग जमिनीवर बसून, कमरेला पट्टा बांधून चालवायचा. आडवे सूत घातले की एका लाकडी पट्टीने ते ठोकून बसवायचे. ही पट्टी हालोमोआनने शाळेत असताना ताडाच्या लाकडातून तासून दिली होती. तासताना घाई झाली आणि टोकाशी चीर गेली. दुसरी बाई असती तर पट्टी चुलीत घातली असती. हिने तिच्यावरच पुढची सगळी वर्षे विणले. त्या चिरेमुळे इतर मागांसारखा नुसता 'टक्' असा आवाज यायचा नाही. टक्, आणि मग चीर थरथरून टर्र. टक्, टर्र. टक्, टर्र. गावात इतके माग होते, पण हा आवाज एकच. पहाटे तो सुरू झाला की लोक अंथरुणात कूस बदलून म्हणायचे, "हालोमोआनची आई बसली. उठा."

माझी आणि तिच्या फोनची गाठ हालोमोआननेच घालून दिली. "आई, हा निळा दिवा लागला की बोलेल. बटणं दोनच लक्षात ठेव. बाकीच्यांना हात लावू नकोस." मग त्याने तिला मारोजाहानचा पॉडकास्ट लावून दिला.

मारोजाहान तिचा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. वर्षानुवर्षे तिच्याच घरी राहून तो शिकला. तिच्याच हातची तिरफळासारखी झोंबणारी अंदालिमान घातलेली मासळी खाऊन वाढला. आता मेदान शहरात पांडिता झाला होता, म्हणजे धर्मगुरू. रोज पहाटे तो एक वचन वाचायचा, त्यावर थोडे बोलायचा, एक प्रार्थना म्हणायचा. त्याचे नाव त्याने ठेवले होते 'पहाटेची ओंजळ'. आवाज असा, की कोवळ्या उन्हात बसल्यासारखे वाटावे. त्या तळ्याकाठी पाळक महिन्यातून एकदा यायचा. रोज येणारा पाळक म्हणजे मीच.

आई मला मागाच्या पायाशी ठेवायची, तोंड तिच्याकडे करून. आणि मित्रांनो, ती नुसती ऐकत नसे, ती उत्तरे द्यायची. भाच्याने सांगितले, की पेत्र पाण्यावरून चालता चालता बुडू लागला, तर ती सूत ओढता ओढता म्हणायची, "बुडेल नाही तर काय! तळ्याकाठी जन्म गेला आणि पोहायला शिकला नाही?" योना माशाच्या पोटात गेला, तर, "आता आठवला देव! आधी जहाजात कसा ढाराढूर झोपला होतास!" शेवटी प्रार्थना आली की मात्र हात थांबायचे. प्रभूची प्रार्थना ती माझ्याबरोबर म्हणायची, भाच्याच्या एक शब्द पुढे, जणू त्याला वाट दाखवते आहे.

शेजारची साहातची आई कुंपणावरून ओरडायची, "एदा, आवाज वाढव! माझ्या डुकरांनाही पुण्य लागू दे!"

नातेवाईक असोत नसोत, तिथल्या बायका एकमेकींना वहिनी म्हणतात. त्यांच्या भाषेत एदा.

"तुझी डुकरं ऐकतात, तू कधी ऐकशील?" आई म्हणायची आणि आवाज वाढवायची.

त्या दिवसांत मला वाटायचे, माझ्यासारखा भाग्यवान स्पीकर नसेल. बाताममधले माझे भाऊ कुठे कुठे गेले असतील, काय काय ओरडत असतील. आणि मी देवाचे शब्द बोलत होतो, तेही अशा बाईपुढे, जी त्यांना उत्तर देते.

मग हालोमोआन गेला. आईने विणलेले उलोस बालिगेच्या बाजारात पोचवायला तो मोटारसायकलवरून निघाला होता. घाटात पाऊस होता, वळण होते आणि समोरून ट्रक होता. यापेक्षा अधिक मला सांगवत नाही.

मातीच्या वेळी गावच्या बायकांनी विलाप गायला. तिथे मेलेल्याशी बोलून, त्याचे नाव घेऊन, त्याच्यावर रागावूनसुद्धा रडतात. आईने मात्र तोंड उघडले नाही. घरी आली, कमरेला पट्टा बांधला आणि मागावर बसली. टक्, टर्र. आणि दुसऱ्या दिवसापासून तीच हाक पुन्हा, सगळ्यांच्या तोंडून. "हालोमोआनची आई, येतेस का विहिरीवर?" "हालोमोआनची आई, मीठ आहे का?" नाव बदलायची रीत नाही. लेकरू गेले तरी आईचे नाव तेच राहते.

मी रोज पहाटे पूर्वीसारखाच बोलत होतो. ती मला पूर्वीपेक्षा मोठ्याने लावायची. पण उत्तरे थांबली. पेत्र बुडाला, योना गिळला गेला, ईयोब राखेत बसला, कुणालाच ती काही बोलली नाही. प्रार्थना आली की हात थांबायचे. ओठ हलायचे. मी तिच्या इतका जवळ, इतका समोर, की मला दिसत होते. ओठ हलत होते, पण त्यांतून श्वाससुद्धा बाहेर पडत नव्हता.

एका सकाळी तिने भाच्यासाठी निरोप बोलून ठेवला. फोन मांडीवर होता. तिला वाटले, आपण फोनशी बोलतो आहोत. पण फोन आणि मी जोडलेले होतो, तिचे शब्द माझ्याच कानातून गेले. मी होतो मागाच्या पायाशी. रिकाम्या हातांनी तिला बोलता यायचे नाही, म्हणून ती विणता विणताच बोलत होती.

"मारोजाहान, बाळा, नाम्बोरू बोलतेय." नाम्बोरू म्हणजे आत्या. "तुला म्हणून सांगते. हालोमोआन गेल्यापासून मला प्रार्थना येत नाही. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढं म्हणते आणि घसा मिटतो. पुढं जातच नाही. चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. तुझा उपदेश सकाळी मोठ्यानं लावते, तोही शेजारणींना वाटावं म्हणून, की या घरात सगळं पूर्वीसारखं चाललंय. ऐकते रे, पण आत काही पडत नाही. देव रागावला असेल का? मी काय करू ते सांग. आणि बाळा, हे तुझ्या-माझ्यात ठेव."

टक्, टर्र. टक्, टर्र.

भाच्याचे उत्तर आले, "नाम्बोरू, नीट विचार करून सांगतो."

त्यानंतर ती वाट पाहू लागली. फोनने आवाज केला की हातातले सूत तसेच टाकायची. कधी रोन्दांगचा फोटो असायचा, कधी चर्चच्या झाडलोटीची पाळी. ती फोन पालथा ठेवायची आणि पुन्हा सूत उचलायची. पण एक सांगू का? त्या दिवसांत ती जरा सैल झाली होती. कुणाला तरी सांगून झाले होते ना. एकदा तर योनाला ती पुटपुटून काहीतरी बोललीसुद्धा. मला ऐकू आले नाही, पण मला इतका आनंद झाला, की माझा निळा दिवा जास्तच चमकला असेल.

आठवड्यातून एका संध्याकाळी, पाळीपाळीने एकेका घरी, गावच्या बायका प्रार्थनेला जमत. स्तोत्र म्हणायचे, वचन वाचायचे, आणि पाळक नसल्यामुळे 'पहाटेची ओंजळ' मधला नवा उपदेश माझ्या तोंडून ऐकायचा. मग कॉफी. त्या संध्याकाळी पाळी आमच्या घरी होती. आईने केळीच्या पानांत गूळ घालून लापेत उकडले होते, तुमच्याकडच्या पातोळ्यांसारखे. चटया अंथरल्या. माग गुंडाळून कोपऱ्यात उभा केला आणि मला मधोमध ठेवले. नवा उपदेश तिने सकाळी ऐकला नव्हता. "सगळ्यांबरोबर ऐकू," ती म्हणाली होती.

साहातची आई आली. ओप्पुंग दुमा आली. ही गावातली सगळ्यात म्हातारी आजी, दोन्ही कानांनी अधू, त्यामुळे नेहमी माझ्या अगदी तोंडाशी बसणारी. इतरही पाच-सहा जणी होत्या. स्तोत्र झाले. वचन झाले. आईने माझे बटण दाबले.

"बहिणींनो, भावांनो," मारोजाहानचा तो कोवळ्या उन्हाचा आवाज माझ्यातून बाहेर पडला, "आज मी तुम्हाला एक हृदय उघडून दाखवणार आहे. एका बहिणीनं मला निरोप पाठवला. नाव सांगणार नाही. आवाजही ओळखू येणार नाही असा केला आहे."

आणि मग माझ्या तोंडून एक घोगरा, जाडसर, पुरुषी वाटणारा आवाज आला. "हालोमोआन गेल्यापासून" हे शब्द त्याने कापले होते. पण पुढचे सगळे तसेच होते. "मला प्रार्थना येत नाही..."

आवाज त्याने बदलला होता. नाव काढले होते. पण तो कितीतरी वर्षे शहरात राहात होता. त्याच्या कानांना मागाचा आवाज म्हणजे नुसता मागाचा आवाज. जाडसर शब्दांच्या मागून, त्यांच्याइतकाच जाड होऊन, पण त्याच चालीत, स्पष्ट येत होते:

टक्, टर्र. टक्, टर्र.

एकीनेही दुसरीच्या तोंडाकडे पाहिले नाही. आईने पानातला लापेत उचलला होता, तो हातात तसाच राहिला.

तेवढ्यात ओप्पुंग दुमाचा चेहरा उजळला. बिचारीला शब्द ऐकू येत नव्हते, ठोके तेवढे जाणवत होते. ती आनंदाने, बहिरी माणसे बोलतात तशी, साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं, हा तर आपल्या हालोमोआनच्या आईचा माग! पोरी, तुझा माग पांडितानं वाजवला गं! सगळ्या देशात गेला तुझा माग!"

"ओप्पुंग, गप बसा," कुणीतरी म्हणाले.

"काय? मी म्हणतेय, हिचाच माग! ती चीर नाही का पट्टीला!"

साहातच्या आईने झडप घालून मला उचलले. मला बंद करायचे होते तिला. पण दोन बटणे सोडून बाकीच्यांना हात लावू नये, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिने दाबले ते आवाज वाढवायचे बटण. दाबतच राहिली. "एदा, बंद कसं होतं गं हे? एदा!" आणि मी, मित्रांनो, घसा फाडून ओरडू लागलो. "चर्चमध्ये नुसते ओठ हलवते! शेजारणींना वाटावं म्हणून!" रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा थांबला असेल.

निरोप संपला. 'हे तुझ्या-माझ्यात ठेव' हे शेवटचे वाक्य त्यात नव्हते. मी ते माझ्या कानाने नेले होते, म्हणून मला माहीत आहे. तेवढेच नेमके कापलेले होते.

मग पुन्हा ते कोवळे ऊन, आता डोके फोडील इतक्या मोठ्याने. "पाहिलंत? बाहेरून उपदेशाचा आवाज, आणि आत रिकामी कणगी. अशी किती घरं असतील! तुमचं घर तर असं नाही ना?"

आईने साहातच्या आईच्या हातातून मला घेतले. अगदी हलकेच, लेकरू घ्यावे तसे. माझे बटण दाबले. मग कोपऱ्यात जाऊन तांदळाच्या कणगीचे झाकण उघडले, मला आत ठेवले आणि झाकण लावले. कणगी अर्धी भरलेली होती. रिकामी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो.

बाहेर पेल्यांचा आवाज झाला, आणि तिचा.

"कॉफी घ्या सगळ्यांनी. गार होतेय."

पाहुण्यांना तोंड गोड केल्याशिवाय पाठवत नाहीत. तिने प्रत्येकीला कॉफी दिली. प्रत्येकीने प्यायली.

माझ्या आयुष्याचे पुढचे महिने त्या कणगीत गेले. अंधार, भुसा, आणि कधीमधी तांदूळ काढायला आत येणारा तिचा हात. तो हात मला लागायचा आणि मला चुकवून पुढे जायचा. माझी बॅटरी संपली. पण कणगी बांबूची, तिच्या फटींतून सगळे ऐकू यायचे. मला तेव्हा काय वाटत होते, विचारू नका. ज्या आवाजावर मी इतकी वर्षे विश्वास ठेवला, ज्याच्यासाठी मी माझे तोंड दिले, त्यानेच माझ्या तोंडून तिच्यावर वार केला होता. आणि तिच्या कानात तो वार ज्या तोंडातून गेला, ते तोंड माझे होते. आम्हा दोघांनाही एकाच माणसाने फसवले होते, पण हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार?

मारोजाहान आला. ओप्पुंग दुमाच्या नातवाने त्याला फोनवर सगळे सांगितले होते. उपदेश त्याने काढून टाकला होता, पण तोवर तो कितीतरी फोनांत जाऊन बसला होता. आल्याबरोबर त्याने तळ्यातला मोठा मासा आईपुढे ठेवला. माफी मागायला रिकाम्या हाताने येत नाहीत.

"नाम्बोरू, नाव काढलं होतं मी. आवाजही बदलला होता."

"हं."

"मला खरंच वाटलं नाही, की माग... आणि नाम्बोरू, किती लोकांनी लिहिलं मला! म्हणाले, आमचंही असंच होतं. त्यांना धीर आला. तुमच्या दुःखाचं चीज झालं."

"घर माझं जळलं आणि शेकलास तू," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मारोजाहान, सहावीत असताना तू माझ्या घरी राहात होतास. कब्रस्तानाच्या वाटेवर तुला कुत्रं आडवं आलं होतं. आठवतं?"

तो माशाकडे पाहू लागला.

"तुझी चड्डी मी मागच्या दारी धुतली. वाळेपर्यंत तुला माझं लुगडं गुंडाळून बसवलं. हालोमोआननं विचारलं, चड्डी कसली वाळतेय, तर मी म्हटलं, मीच पाणी सांडलं. आजवर कुणाला सांगितलं का मी?"

"नाही, नाम्बोरू."

"मग?"

आईने मासा शिजवला, त्याला वाढले. तो जेवला. ती त्याच्यासमोर बसली, भात पुन्हा वाढला, काटे काढून दिले. पण जाताना त्याने आशीर्वादासाठी डोके वाकवले, तेव्हा ती भांडी घेऊन आत निघून गेली.

गाव तिच्याशी वाईट वागले नाही, हेच तर वाईट. कुणी चेष्टा केली नाही. उलट सगळ्याजणी तिला बरे करायला निघाल्या. कुणी डोक्यावर मूठभर तांदूळ टाकून गेली, जीव घट्ट व्हावा म्हणून. कुणी तिच्या अंगणात उभी राहून तिच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करून गेली. रविवारी वडीलधाऱ्यांनी व्यासपीठावरून तिच्यासाठी विनंती केली. रोन्दांगला फोनवर सांगताना आई म्हणाली, "प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळ्या माझ्या ओठांकडे बघतात गं. हलतात का, आणि हलले तर आवाज येतो का. आता तर ओठही हलवता येत नाहीत."

पुढच्या रविवारपासून ती चर्चमध्ये गेली नाही. आणि एका सकाळी मी कणगीत मागाची वाट पाहात राहिलो. पहाट झाली होती, कोंबडे आरवले होते, ती मागावर बसली होती, पण तो आवाज नव्हता. नुसते काहीतरी मऊ, दबलेले. थप्. थप्. तिने पट्टीच्या चिरेत चिंधी कोंबली होती.

तो माग मुका झाला. त्या घरात आता बोलणारे कुणीच उरले नाही.

असे किती दिवस गेले, मोजले नाहीत. मग एके दिवशी साहातची आई आली. ती त्या संध्याकाळपासून आली नव्हती. पावले दारातच थांबली.

"तांदूळ टाकायला आलीस का डोक्यावर?" आईने विचारले.

"नाही."

"मग प्रार्थना करायला?"

"मला कुठं येते धड! मी 'आमची रोजची भाकर' म्हणते, तेव्हा माझ्या डोळ्यापुढं डुकरांचं खाद्य असतं. जन्मभर. देवाला माहीतच असेल." ती बसली. मागाच्या दोऱ्या हलल्या. "एदा, मी भांडायला आलेय."

"भांड."

"तुझ्या मागाला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? इतक्या वर्षांत मी घड्याळ घेतलं नाही. तुझा माग वाजला की मी उठते. आता मी लोळत पडते, डुकरं बोंबलतात, साहात उपाशी कामावर जातो, ओप्पुंग दुमा दोनदा दुपारी उठली आणि सकाळ झाली म्हणून तोंड धुऊन बसली. अख्खं गाव बिघडवलंस तू." मग तिचा आवाज खाली आला. "त्या दिवशी मी चुकीचं बटण दाबलं. मला ते यंत्र कळत नाही. पण तो माग मला कळतो. तुझं पोर त्यात आहे, एवढं कळतं. त्याचं तोंड का बांधलंस?"

आई रडली. हालोमोआन गेल्यापासून पहिल्यांदा. साहातच्या आईने प्रार्थना केली नाही, 'गप गं' म्हटले नाही. फक्त तांदूळ काढायला कणगी उघडली, भात टाकायचा होता म्हणून. तेव्हा तिला मी दिसलो. तिने माझ्याकडे रागाने पाहिले, मला बाजूला सारले आणि तांदूळ मापून घेतले.

नाताळला रोन्दांग आली. तिने मला बाहेर काढले, भुसा झटकला. "आई, बॅटरी फुगलीय याची. नवी घालून आणते."

"नको," आई म्हणाली. "राहू दे गप्प. पुष्कळ बोलला बिचारा. त्याचा दोष नाही, पण आता ऐकवत नाही."

त्याचा दोष नाही. मित्रांनो, एवढे तीन शब्द मला पुरले. रोन्दांगने मला मागाच्या पायाशी ठेवले, जुन्याच जागी, आणि आईने माझ्या डोक्यावर सुताचा गुंडा ठेवला.

मारोजाहानची 'पहाटेची ओंजळ' अजून येते म्हणतात. इतर घरांत ती लागते, कधी कुंपणावरून तुकडे ऐकू येतात. चांगलेच बोलतो तो. आई उठून खिडकी लावते. ती त्याच्यावर रागावलेली आहे का, मला माहीत नाही. ती त्याला जेवायला वाढते. पण काही सांगत नाही, आणि कधी सांगेल असे मला वाटत नाही. फुटलेले मडके चिकटवता येते, पण त्यात पाणी भरून कुणी डोक्यावर घेत नाही.

माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायचे असते. धूळ पुसा, पाण्यापासून जपा, पाडू नका, असे. माझे त्याबद्दल काही म्हणणे नाही, मी पडलोही आहे आणि धुळीतही राहिलो आहे. मला एवढेच मागायचे आहे. कुणी कधी तुमच्या कानाशी तोंड आणले, आणि हळूच काही सांगितले, तर तुम्ही कानच राहा. त्याचे तोंड होऊ नका. चांगल्या कामासाठीसुद्धा नाही.

आता थोडेच उरले. रोन्दांग परत गेल्यावरची एक पहाट. आई मागावर बसली. कमरेचा पट्टा बांधला. मग पट्टी हातात घेऊन तिने चिरेतली चिंधी नखाने उकरून काढली, जपून, काटा काढावा तशी. टक्, टर्र. पलीकडे साहातच्या आईची कवाडे उघडली. डुकरे ओरडली. टक्, टर्र.

आणि मग हात न थांबवता, कुणीही न लावता, कुणाच्याही मागून न म्हणता, ती बोलू लागली. ओठांनी नव्हे, आवाजाने. ते गोड नव्हते. त्यात राग होता, लेकराचे नाव होते, बालिगेचा घाट होता. ती हालोमोआनशी बोलत होती की त्याच्याही पलीकडे कुणाशी, ते मला समजले. शेवटी ती 'आमेन' म्हणाली की नाही, तेही मी ऐकले. मी तिच्या पायाशीच होतो, तोंड तिच्याकडे करून.

पण मित्रांनो, ती काय म्हणाली, ते मी तुम्हाला सांगणार नाही.